हात आखडता घेण्यातली माया

ऊन उतरलं की फिशटँकसमोर स्टूल घेऊन बसा. खाद्याचा डबा फळीवरच राहू द्या. बाहेरून ऑटोचा, भाजीवाल्याचा आवाज येईल, तो येऊ द्या. एअर पंपाची घरघर थोडा वेळ ऐका. नजर स्थिरावली की दगडांच्या फटींत पिल्लं शोधा. बोटाच्या पेराहूनही लहान असतात ती. त्यांना मोजू नका, फक्त बघा.

आता त्यांच्या आईचा विचार करू. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठावर म्बुना नावाचे सिक्लिड मासे राहतात. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पुढचे साधारण तीन आठवडे ती त्यांना तोंडातच सांभाळते. या काळात ती जवळपास काहीच खात नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा ती खंगलेली असते.

हे कूळ आपल्यालाही परकं नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांतली कालुंदर सिक्लिडच आहे. तिच्यात नर आणि मादी दोघंही पिल्लांवर पहारा देतात. 1952 साली भारतात आणलेला आणि आता मासळीबाजारात सहज दिसणारा मोझांबिक टिलापियाही त्यातलाच. त्याची मादीही अंडी-पिल्लं तोंडात वाढवते. समोरच्या टाकीतलं प्रत्येक पिल्लू असंच कुणाच्या तरी उपासावर जगलं आहे. थोडा वेळ याच विचारापाशी थांबा.

आईनंतर ही पिल्लं आपल्या हाती येतात, आणि आपल्याला माया दाखवायची एकच रीत ठाऊक असते. पंगतीत यजमान जिलबीचं ताट घेऊन पुन्हा पुन्हा येतो, तसे आपण डबा घेऊन टाकीकडे येतो. पिल्लं काचेशी धावत येतात आणि आपल्याला वाटतं, भुकेली आहेत. पण धावत येणं हा त्यांचा स्वभाव आहे. सरोवरात म्बुना दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडतो, घासाघासाने. असं तंतुमय अन्न सावकाश पचवण्यासाठी त्याचं आतडं लांब असतं. त्यात मांसाहारी, प्रथिनांनी जड खाद्य एकदम भरलं की पचन बिघडतं. त्यावर गढूळ पाण्याचा किंवा दांडग्या माशांच्या मारामारीचा ताण पडला, की आतड्यातले सूक्ष्मजीव बळावतात आणि पोट फुगतं.

पोट फुगण्याच्या आधी मासा आपल्याला सांगत असतो. तो घास तोंडात घेऊन थुंकतो. मग खायला येतच नाही, कोपऱ्यात राहतो. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. कल्ले भराभर हलू लागतात. फुगलेलं पोट त्यानंतर दिसतं, आणि खवले उभे राहिले की मासा क्वचितच वाचतो. म्हणून टाकीसमोर रोज रिकाम्या हातांनी बसायचं. आज कोण आलं नाही, एवढंच मनाशी विचारायचं. घास थुंकणारा मासा त्याच दिवशी दिसला, तर त्याला वेगळ्या टाकीत ठेवता येतं, खाणं थांबवता येतं, पाणी बदलता येतं, आणि औषध जाणकाराला विचारून वेळेवर देता येतं.

आता नजर माशांवरून पाण्याकडे न्या. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणावर वसला आहे. इथल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नाही म्हणून आपण कुरकुरतो. मलावीचं पाणीही जडच, आणि क्षारधर्मी. त्या सरोवराच्या माशाला आपलं बोअर मानवतं. पण याच क्षारधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, आणि पाणी तापलं की आणखी. मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 35 अंशांना तो 7 च्या आसपास उतरतो. तळाशी कुजणारा प्रत्येक उरलेला दाणा आपल्या गावच्या उन्हाळ्यात दुप्पट महाग पडतो. वीज गेली की फिल्टरही थांबतो, आणि अमोनिया पचवणारे जिवाणू गुदमरू लागतात. त्या वेळी खाद्य द्यायचंच नाही.

श्वास सावकाश सोडा आणि उद्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पिल्लांना स्पिरुलिनाचं खाद्य चुरून, दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीच्याही निम्मं. अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. आर्टेमिया अधूनमधून, थोडं. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास. पिल्लं सोडलेल्या मादीला काही दिवस वेगळं ठेवून खाणं हळूहळू वाढवायचं. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाचं असेल तर क्लोरीन काढून, आणि टाकीच्या पाण्याइतकंच कोमट करून. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटल्यावर एकेका गुंडभर पाण्याची किंमत यवतमाळकरांना कळली आहे. म्हणून टाकीतून काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. त्यात झाडांना लागणारा नायट्रेट असतो.

आता स्वतःकडे बघा. डब्याकडे हात जातो तो पिल्लाच्या भुकेमुळे की आपल्याला देण्याचं सुख हवं म्हणून, हे प्रत्येक वेळी तपासा. ते सुख खोटं नाही. पण त्याची किंमत पिल्लू मोजत असेल, तर ते आपण सोडायला हवं. अन्न बाजूला सारून, तीन आठवडे तोंड मिटून आईने पिल्लं जपली. आपल्या वाट्याला त्याहून फार सोपं काम आलं आहे: चिमूटभर द्यायचं, डब्याचं झाकण लावायचं, आणि ती खाताना शेवटचं पिल्लू येईपर्यंत तिथून उठायचं नाही.