जुने आणि जीर्ण

वस्तूचा त्याग केव्हा करावा, या प्रश्नाने आमच्या आजोबा-पणजोबांची झोप कधी उडविली असेल असे वाटत नाही. पितळी पातेल्याची कल्हई गेली की कल्हईवाला दारी येई; हंड्याचे बूड गळू लागले की त्यास डाक लावीत; आणि डाकही धरीनासा झाला म्हणजे हंडा मोडीत घालून, आलेल्या मोलात थोडी भर टाकून, नवा आणीत. भांडे कामाचे राहिले नाही हे सांगावयास दुकानदार लागत नसे. ते स्वतःच गळून सांगे. आज मात्र आमच्या खिशात अशी एक वस्तू येऊन बसली आहे की, जी गळत नाही, फुटत नाही, पहाटे उठविते, पंचांग दाखविते, परदेशी असलेल्या नातवाचे मुख दाखविते, आणि तरीही 'आता हिचे दिवस भरले' असे कोणीतरी सांगतच असते. चार-पाच वर्षे वापरलेला स्मार्टफोन बदलावा की चालवावा, आणि बदलावयाचाच तर कोणत्या रीतीने, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. आमच्या मते तो कर्तव्याचा प्रश्न आहे; आणि तो सोडविण्यास लागणारे माप आमच्या देवळांच्या परंपरेत पूर्वीपासूनच सिद्ध आहे.

ते माप म्हणजे 'जीर्ण' हा शब्द. जुने ते सर्व जीर्ण नव्हे. जुनेपणा काळाने येतो, जीर्णता झिजेने येते. पहिल्याचा हिशेब वर्षांत होतो, दुसरीचा सामर्थ्यात. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहत्यागास वस्त्राचा जो दृष्टान्त दिला आहे, तेथे टाकून द्यावयाच्या वस्त्रांस जीर्ण म्हटले आहे, केवळ जुनी म्हटलेले नाही, हे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. आमच्या घरांतील कोंकणीतही 'पोरनें' आणि 'मोडिल्लें' हे शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. गाभारा तीनशे वर्षांचा झाला म्हणून तो पाडावा असे कोणत्याही देवस्थानाची समिती म्हणत नाही. तीनशे वर्षे हा त्याचा महिमा असतो. परंतु शिखरात पाणी मुरू लागले, भिंतीस तडा गेला, किंवा मूर्ती भंगली, म्हणजे जीर्णोद्धाराचा विचार करावा लागतो, आणि मग 'जुने आहे, तसेच असू द्या' हे उत्तर चालत नाही.

अग्निपुराणात जीर्णोद्धाराच्या विधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मूर्ती लाकडाची असेल तर ती अग्नीस द्यावी, पाषाणाची असेल तर जलास. तिला झाकून, वाद्यांच्या गजरात न्यावे. आणि त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी मूर्ती त्याच दिवशी स्थापावी, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्ष आचारात त्यापूर्वी देवतेचे तेज कलशात आवाहन करून सुरक्षित ठेवितात. या विधीतून तीन गोष्टी निघतात: आधी परीक्षा, मग सत्त्वाचे स्थलांतर, आणि शेवटी जुन्याचे सन्मानपूर्वक विसर्जन. 'त्याच मापाची' या अटीत चौथी गोष्टही दडलेली आहे: जीर्णोद्धार हे वैभव वाढविण्याचे निमित्त नव्हे.

देवमूर्ती आणि फोन यांची तुलना कोणास अप्रस्तुत वाटेल. आम्ही पावित्र्याची तुलना करीत नाही. विवेकाची शिस्त तेवढी उसनी घेतो.

ही शिस्त लावून पाहावयाची तर धारवाडातील सप्तापूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. १९१७ साली स्थापन झालेल्या कर्नाटक महाविद्यालयाच्या सावलीतील ही वस्ती. येथे एका बाजूस निवृत्त प्राध्यापक, अधिकारी यांची जुनी घरे; दुसऱ्या बाजूस स्पर्धा-परीक्षांचे शिकवणी वर्ग आणि गावोगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या. एकाच गल्लीत वरच्या मजल्यावर एकवीस वर्षांचा विद्यार्थी व खाली एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ राहतात, असे समजा. विद्यार्थ्याचा फोन तीन वर्षांचा. काचेस एक चीर, बॅटरी दुपारीच संपते. गृहस्थांचा फोन आठ वर्षांचा. परंतु चामडी वेष्टनात जपलेला, काच निर्मळ, एक ओरखडा नाही. विद्यार्थी हप्त्याने नवा फोन घेण्याच्या विचारात आहे. गृहस्थ आपला फोन अजून दहा वर्षे चालेल असे अभिमानाने सांगतात. दोघांत जीर्ण फोन कोणाचा?

उत्तरापूर्वी फोन कशाने झिजतो हे पाहिले पाहिजे. पहिली झीज देहाची. फोनमधील लिथियमची बॅटरी काही शे वेळा पूर्ण भरली व रिकामी झाली की तिची धारणशक्ती मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. हा रसायनाचा धर्म आहे, दोष नव्हे. बॅटरी आणि काच बदलता येतात, आणि त्यास नव्या फोनच्या किमतीचा अल्पसा अंश लागतो. दुसरी गोष्ट झीज नव्हेच, ती अडगळ होय: सकाळ-संध्याकाळ येणारी सुप्रभाताची चित्रे, एकच आरती दहा गटांतून दहा वेळा. यास साफसफाई पुरते. तिसरी झीज मात्र अदृश्य असते. फोनच्या आज्ञावलीत नवनवी छिद्रे सापडत राहतात, चोरांनाही सापडतात. निर्माता ती बुजविणारी दुरुस्ती काही ठरावीक वर्षे पाठवितो आणि एके दिवशी थांबवितो. त्यानंतर फोन दिसतो तसाच, चालतो तसाच. परंतु त्याच्या कुलपाची दुसरी किल्ली बाहेर फिरत असते आणि कुलूप बदलून देणारा कोणी नसतो. चौथी झीज वस्तूची नसून मनाची: शेजाऱ्याच्या हाती नवे दिसले की आपले जुने वाटू लागणे.

आता उत्तर सोपे आहे. विद्यार्थ्याचा फोन जुना दिसतो, परंतु जीर्ण नाही. त्यास अजून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत असतील तर नवी बॅटरी घालून तो आणखी दोन-तीन वर्षे निश्चिंत चालवावा. चिरलेल्या काचेतून व्याख्यान तितकेच ऐकू येते. बापाने शेतीच्या उत्पन्नातून पाठविलेल्या पैशाचा हप्ता दर महिन्यास दुकानात भरणे, ही गरज नव्हे. ती चौथ्या प्रकारची झीज आहे. संस्कृतात जीर्ण म्हणजे पचलेले असाही अर्थ होतो, आणि न पचलेल्यास अजीर्ण म्हणतात. पहिला फोन पुरता न वापरता दुसरा घेणे हे अजीर्णच होय.

खालच्या मजल्यावरील गृहस्थांचा फोन मात्र देखणा असूनही जीर्ण आहे. आणि येथेच प्रश्नास खरी नैतिक धार येते. असे गृहस्थ पुष्कळदा एखाद्या देवस्थानाचे कोषाध्यक्षही असतात. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून दानपेटीशेजारी चौकोनी संकेतचित्राची पाटी आली. बँकेचे ओटीपी कोषाध्यक्षांच्या फोनवर येऊ लागले. देणगीदारांची नावे, पत्ते, नवसांच्या नोंदी त्याच फोनमध्ये साठल्या. ज्या फोनची छिद्रे बुजणे थांबले आहे, तो फोन घरात राहिला तर जोखीम एकट्याची. देवस्थानच्या कामात राहिला तर जोखीम शेकडो भाविकांची. स्वतःच्या काटकसरीची किंमत दुसऱ्यांनी न विचारता भरावी, यास काटकसर म्हणता येणार नाही.

येथे कोणी अपरिग्रहाचा दाखला देईल. कमीत कमी बाळगावे, आहे त्यात भागवावे, ही आमची शिकवण नव्हे काय? आहे, आणि तिचे बळ आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६२० लाख टन विद्युत् कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे, असे २०२४ सालचा जागतिक अहवाल सांगतो. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगोच्या खाणींतून येते, आणि तेथील हातखाणींत मुलेही राबतात. परंतु अपरिग्रह म्हणजे जुन्यास कवटाळणे नव्हे. 'माझा फोन आठ वर्षांचा' हा अभिमान 'माझा फोन आठ दिवसांचा' या अभिमानाचाच धाकटा भाऊ आहे. दोघांचीही दृष्टी वस्तूवर खिळलेली, कार्यावर नाही.

सर्व दोष ग्राहकाच्या मनाचा आहे, असेही आम्ही म्हणत नाही. जुन्या बॅटरीच्या आयफोनांची गती आपण आतून कमी केल्याचे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, क्षमा मागितली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फोन बंद पडू नये म्हणून तसे केले, असे तिचे म्हणणे होते. परंतु बॅटरी बदलली की वेग परत येतो हे न कळल्यामुळे कित्येकांनी फोनच बदलला असेल. ज्ञान रोखून ठेविले की विवेकास वाव राहत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम घातला आहे की, फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा आणि सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले. वस्तूचे आयुष्य कोणी ठरवावे, हा वाद आता कायद्याच्या दारी पोहोचला आहे, हे चांगलेच झाले.

आता 'कसे' याविषयी. फोनच्या सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. तीच त्याची जन्मपत्रिका समजावी. ती वर्ष-दीड वर्षे पुढे सरकली नसेल तर त्या फोनवरून पैशाचे व दुसऱ्यांच्या विश्वासाचे व्यवहार प्रथम काढून घ्यावेत. बदलणे परवडत नसेल तर कामाची विभागणी करावी: जुना फोन भजने व प्रवचने ऐकण्यास ठेवावा, त्यात बँक ठेवू नये. ज्यांची गरज बोलणे आणि थोडीबहुत देवघेव एवढीच आहे, त्यांनी साध्या बटनांच्या फोनचाही विचार करावा. मार्च २०२२ पासून यूपीआयची सोय अशा फोनांवरही उपलब्ध झाली आहे. नवे घेणे म्हणजे प्रत्येक वेळी वरची पायरी चढणे नव्हे. केव्हा केव्हा एक पायरी खाली उतरणे हेच योग्य असते.

नवा स्मार्टफोन घ्यावयाचाच तर कॅमेरे किती हे विचारण्यापूर्वी सुरक्षेची वचनबद्धता किती वर्षांची, हे विचारावे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या उच्च श्रेणीच्या फोनांस सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांस ते पुष्कळ कमी असते. ही वर्षे बहुधा फोन प्रथम बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्या दिवसापासून नव्हे. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा माल सवलतीत मिळतो तेव्हा त्याच्या आयुष्यातील दोन वर्षे आधीच सरलेली असतात.

सत्त्वाचे स्थलांतर हा भाग तरुण मंडळी घाईने उरकतात. पुण्याहून वा परदेशातून आलेला मुलगा आईच्या हाती नवा फोन ठेवितो, तासाभरात जुना बाजूस करतो, आणि निघून जातो. मागे आई राहते. तिला अक्षरे बारीक दिसतात, फोन उचलावयाची खूण सापडत नाही, आणि दिवंगत पतीचा जो एक आवाज जुन्या फोनमध्ये होता तो गेला की राहिला हे विचारावयास ती संकोचते. अशी भेट वस्तूने मोठी आणि सेवेने लहान ठरते. छायाचित्रे, आवाज, नावे, बँकेची जोडणी सर्व नीट पोहोचले याची खात्री होईपर्यंत जुन्यास हात लावू नये. आणि चार दिवस शेजारी बसून शिकवावे.

शेवटी विसर्जन. जुना फोन कपाटातील खणात पडून राहणे हे विसर्जन नव्हे, आणि कचऱ्याच्या डब्यात वा पाण्यात टाकणे हे तर पाप होय. त्यातील सर्व माहिती पुसावी. सुरक्षा-दुरुस्त्या अजून येत असतील तर एखाद्या गरजू विद्यार्थ्यास द्यावा. येत नसतील तर धोका दान करू नये. तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल असे पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, तेव्हा नवा घेताना जुन्याचे काय, हे दुकानात विचारण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार आहे.

खंडेनवमीस आमच्या भागात शस्त्रे, हत्यारे, गाड्या यांजबरोबर आता फोनही पाटावर ठेवितात. नेमक्या त्याच सुमारास बाजारात सवलतींचा पूर येतो. त्या दिवशी हळदकुंकू वाहण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने आपल्या फोनविषयी दोन प्रश्न विचारावेत: हा माझे काम अजून करतो काय, आणि ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेविला त्यांस याच्यामुळे अपाय होण्याचा संभव आहे काय? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर फूल वाहून त्यालाच पुन्हा कामास लावावे. दोहोंपैकी एक जरी उत्तर फिरले, तरी जीर्णोद्धार काढावा, आणि तो विधिपूर्वक करावा.