थकलेल्या हाताची सेवा



गेल्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या एका गावात आपले आरोग्य शिबिर होते. माझी मामेबहीण तेव्हा एमबीबीएस संपवून इंटर्नशिप करत होती. रात्रभर वॉर्डात ड्युटी करून ताई सकाळी थेट बसने शिबिराला आली. समारोपाच्या वेळी माइकवरून ही गोष्ट सांगितली गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माइकवरून जे सांगितले गेले नाही ते असे : दुपारी ताईने एका आजींच्या साखरेचा आकडा दुसऱ्या आजींच्या कागदावर लिहिला होता. ज्येष्ठ डॉक्टरांच्या ते लक्षात आले, म्हणून चुकीचे औषध दिले गेले नाही. रात्री घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तो आकडा लिहिल्याचं मला आठवतच नाही गं."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे, तो तुमच्यासमोर ठेवते. ज्याने दुसऱ्यांची काळजी घ्यायची आहे, त्याने आधी स्वतःची घ्यावी का? आणि घेतली तर तो स्वार्थ होतो का?

मी लेखांचे भाषांतर करते. सेवेबद्दलचा लेख आला की 'चंदनासारखे झिजणे' हे शब्द हाताशी तयारच असतात. पण चंदनाच्या खोडाला दुसऱ्या दिवशी कोणाच्या शिरेत सुई घालायची नसते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. आमच्या हिशेबात यंत्राचा घसारा आधी वजा करतात, मगच नफा ठरतो. घसारा न धरता दाखवलेला नफा फुगवलेला असतो. विद्यार्थी डॉक्टरांच्या सेवेचा हिशेब आपण बहुधा असाच फुगवून मांडतो.

आपल्या जुन्या ग्रंथांत याबद्दल काय आहे, हे पाहिले तेव्हा मला आश्चर्य वाटले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात माणसाच्या तीन एषणा सांगितल्या आहेत : प्राण, धन आणि परलोक. त्यांत प्राणैषणा पहिली आहे, कारण प्राण गेला की सर्वच गेले. परलोकाचा क्रमांक शेवटचा आहे. त्याच अध्यायात शरीराला आधार देणाऱ्या तीन उपस्तंभांमध्ये आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याबरोबरच अति जागणाऱ्यालाही योग साधत नाही, असे सांगितले आहे. यातला पहिला अर्धा भाग आपण मुलांना नेहमी ऐकवतो, दुसरा मात्र क्वचित.

तुम्ही म्हणाल, पण वैद्याचा धर्म तर त्यागाचा आहे. खरे आहे. चरकाच्याच विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला बजावतो की स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा रुग्णाचे अहित करू नकोस. याहून कडक अट कोणती? पण हीच अट मला उलट दिशेनेही लागू होते असे वाटते. तीस तास न झोपलेला हात रुग्णाचे अहित करू शकतो. मग झोप ही विद्यार्थ्याने स्वतःला दिलेली सवलत उरत नाही, ती रुग्णाचे देणे होते.

आधुनिक वैद्यकाने हे आपल्या प्रतिज्ञेत लिहायला बराच वेळ घेतला. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा 1948 ची. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष देईन, या अर्थाचे वाक्य तिच्यात 2017 मध्ये आले. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला पायाभूत अभ्यासक्रम असतो आणि त्यात ताण व वेळ यांच्या नियोजनाचाही समावेश आहे. हे चांगलेच आहे.

पण शिकवणे म्हणजे काय? ताईला वर्गात झोपेचे महत्त्व शिकवले होते. वॉर्डात मात्र सलग दोन रात्री जागलेल्या सीनियरचे कौतुक होताना तिने पाहिले आणि बरे वाटत नाही म्हणून घरी गेलेल्या मुलीची चेष्टाही ऐकली. यांतला कोणता धडा लक्षात राहील? सकाळी सहाला प्राणायाम शिकवायचा आणि रात्री घरी जाऊ द्यायचे नाही, यात थकण्याचा दोषही विद्यार्थ्याच्याच माथी येतो : तुला योग नीट जमला नाही!

निवासी डॉक्टरांना सहसा सलग 12 तासांहून अधिक काम नसावे, असे केंद्र सरकारने 1992 मध्येच सांगितले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास काम आणि एक दिवस सुट्टी सुचवली. बत्तीस वर्षांनंतरही हे 'सुचवावे' लागते, यातच बरेच काही आले. माणसे कमी आणि रांगा लांब, हे कारण खोटे नाही. अपघाताचा रुग्ण घड्याळ पाहून येत नाही, आणि महासाथीत कोणी ड्युटीचे तास मोजले नसतील तर त्यांना माझा नमस्कारच आहे. पण आपत्तीत केलेला त्याग वेगळा आणि दर मंगळवारी गृहीत धरलेला त्याग वेगळा. दुसऱ्याला त्याग म्हणता येईल का, याचीच मला शंका आहे, कारण तो देणाऱ्याला कोणी विचारलेलेच नसते.

मंगळवारचे सोडा, आपण तरी कुठे विचारले होते? शिबिराची यादी मी केली होती. ताईच्या नावापुढे टिक केली तेव्हा आदल्या रात्री तिची ड्युटी आहे का, हे विचारायचे मला सुचले नाही.

मार्चच्या शिबिरासाठी फोन केला तेव्हा विचारले. आदल्या रात्री ड्युटी होतीच. मी म्हटले, "मग तू येऊ नकोस, झोप." ती रागावली. म्हणाली, "माझ्या टेबलावरच्या साठ जणांना मग कोण पाहणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही एक टेबल कमी मांडले. दुपारी दोनला नावनोंदणी थांबवावी लागली आणि शेजारच्या वाडीतून चालत आलेल्या काही जणांना, पुढच्या महिन्यात या, असे मला स्वतः सांगावे लागले. संध्याकाळी पाचला ताईचा फोन आला. ती नुकतीच उठली होती आणि तिने पहिला प्रश्न विचारला, किती जणांना परत पाठवलं?

मी आकडा सांगितला.