संध्याकाळची तक्रार

विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, आणि 1998 च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनाही हा व्यवसाय करायची मुभा मिळाली. त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट, नौपाड्यात गोखले रोडवर दोन खोल्यांतून डायलअप पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीची.

तिच्या बहुतेक ग्राहकांना फोन लावला की सर्व्हर आपल्या साठ्यातला एखादा पत्ता द्यायचा आणि फोन ठेवला की परत घ्यायचा. मोजक्यांनी जास्त पैसे भरून कायमचा पत्ता घेतला होता. राम मारुती रोडवरचे एक सीए काका त्यांतलेच. डोंबिवलीच्या ऑफिसातून हिशेबाच्या फाइली थेट त्यांच्या कॉम्प्युटरवर यायच्या.

काकांचा फोन आला, "कनेक्ट होतं, पण काही उघडत नाही." कंपनीच्या सरांनी पडद्यावर पाहिलं. पासवर्ड बरोबर, पत्ताही मिळालेला. "बाकी सगळ्यांचं चालू आहे काका, मॉडेम बदलून बघा." काकांनी नवा मॉडेम आणला. तक्रार तशीच. पुढच्या वेळी ते वैतागून म्हणाले, "अहो, सकाळी चालतं, संध्याकाळीच बंद पडतं!" नव्याने लागलेल्या मुलीने फोन घेतला होता. हे वाक्य तिने वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मॉडेमला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. संध्याकाळी वेगळी असते ती गर्दी. कंपनीचा नंबर एकच, पण त्यामागे दोन पीआरआय लाइन, प्रत्येकीवर एका वेळी 30 कॉल. पहिली भरली की कॉल दुसरीवर जायचा, आणि दुसरी लाइन दुसऱ्या सर्व्हरला जोडलेली होती.

आठच्या सुमारास त्या मुलीने काकांना दुसऱ्या फोनवर घेतलं. "काका, मॉडेमचे दिवे बघून सांगता का?"

"एसडी लुकलुकतोय. आरडी जवळजवळ विझलेलाच आहे."

म्हणजे जातंय, येत नाहीये. तिने राउटरवरून काकांच्या पत्त्याचा ट्रेसरूट काढला. पडद्यावर तेच दोन पत्ते आलटूनपालटून येऊ लागले. राउटर उत्तरं पहिल्या सर्व्हरकडे पाठवत होता. तिथे काका नव्हतेच, म्हणून तो ती राउटरकडे परतवत होता. एकच सर्व्हर होता त्या काळात कुणीतरी काकांच्या पत्त्याची वाट राउटरमध्ये हाताने लिहिली होती, आणि दुसरा सर्व्हर आल्यावर ती ओळ कुणी उघडून पाहिली नाही. बदलत्या पत्त्यांचं काही अडलं नाही, कारण प्रत्येक सर्व्हरचा साठा वेगळा आणि राउटरला दोन्ही ठाऊक. इतक्या जणांचं सुरळीत चालत होतं, म्हणूनच एकाचं खरं कुणाला पटेना.

सरांनी स्वतः ती ओळ काढली. दोन्ही सर्व्हरवर ओएसपीएफ सुरू केलं. म्हणजे ग्राहक ज्या सर्व्हरवर जोडला जाईल त्यानेच हा पत्ता सध्या आपल्याकडे असल्याचं राउटरला कळवायचं, आणि फोन ठेवला की ते मागे घ्यायचं. थोड्याच वेळात काका म्हणाले, "आला गं, आरडी आला!"

सरांनी मग कायमच्या पत्त्यांची यादी काढली आणि ज्यांनी कधीच तक्रार केली नव्हती त्यांना एकेक फोन लावला. घंटाळीजवळच्या एका छापखान्याचे मालक म्हणाले, "संध्याकाळी नेट असंच असतं ना? आम्ही कधीचं सगळं काम सकाळीच उरकून घेतो."

"असं नसतं," सर म्हणाले. "आज संध्याकाळी लावून बघा. मी लाइनवर थांबतो."