आप्पांचा पेला

गाळपाचा हंगाम लागला की पुरुषोत्तमनगरची सकाळ मळीच्या वासाने उजाडते. सातपुडा तापी कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, मागे डुलणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेलं पाचट. मी कडेकडेने चालत असतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड 1’ आलं तेव्हापासूनचं हे चालणं. त्याआधी ही वेळ चहाची होती. दोन चमचे साखर, कधी तीन.

आज आप्पांनी गाठलंच. हातात स्टीलचा पेला, आत हिरवट-काळा काढा. “भाऊ, रिकाम्या पोटी घ्या. लिव्हरवरची चरबी महिन्यात उतरते. झाडपाल्याचं आहे, अपाय काही नाही.”

तेवढ्यात एक ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला. ऊसही झाडपालाच की! त्याच्या साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज साऱ्या शरीराच्या कामी येतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार मात्र यकृतावर पडतो, आणि अति झालं की तिथे त्याची चरबी होते. म्हणजे माझं दुखणंही थोडंफार वनस्पतिजन्यच. (या साखरेवर गावाची चूल पेटते, म्हणून हे हळू आवाजात.)

आप्पांना हसावं असंही नाही. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ सांगितलाय. तो धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. आधुनिक विज्ञान गुग्गुळाकडे वळलं ते तिथून. पुढे 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढलं. त्यांचा आहार वेगळा, असं म्हणून सुटता येतं. मला सुटावंसं वाटत नाही. सशाला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

गुळवेलीचं तर अगदी परवाचं. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले; सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : वनस्पती नीट ओळखली का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल तर नव्हती? सवाल रास्त आहे. पण मग तोच आप्पांच्या पेल्यालाही विचारायला हवा.

माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय ते फारच बेचव : वजन सात ते दहा टक्के उतरवा. माझ्या 82 किलोंत म्हणजे सहा ते आठ किलो.

“आप्पा, यात आहे काय काय?”

“गुळवेल, कारलं, कुटकी...” आप्पा बोटं मोजत राहिले. “आणि कडू लागू नये म्हणून गुळाचा खडा. आपल्याच उसाचा.”