चिठ्ठीने ठरलेला उपचार

लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. उपचारानंतर तो उलटला आणि डॉक्टरांनी औषधसंयोगाच्या चाचणीत सहभागी होण्यास सुचवले, तर कोणती औषधे मिळणार हे संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतो. मग घरातले विचारतात, हा जुगार नव्हे काय?

शंका रास्त आहे. जुगार हराम आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु हजरत मरियम (अ.) यांचा सांभाळ कोणी करावा, हे लेखण्या टाकूनच ठरले होते. प्रवासात कोणत्या पत्नीने सोबत यावे, हेही प्रेषित मुहम्मद (स.) चिठ्ठीने ठरवीत. फिकहमध्ये यास 'कुर्आ' म्हणतात. जुगारात एकाची हानी हाच दुसऱ्याचा लाभ असतो. कुर्आ मात्र समान हक्कदारांमधील पक्षपात टाळतो. हक्क समान असणे हीच त्याची अट.

चाचणीलाही तीच कसोटी लावावी. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे खरोखर ठाऊक नसेल, तरच चिठ्ठी न्याय्य ठरते. ठाऊक असूनही ती टाकणारा डॉक्टर अमानतीत खयानत करतो. 'कोरल' नावाच्या चाचणीत 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' लिम्फोमा उलटलेल्या किंवा पहिल्या उपचाराला दाद न दिलेल्या रुग्णांना आर-आयसीई किंवा आर-डीएचएपी यांपैकी एक संयोग चिठ्ठीने मिळाला. २०१० साली ३९६ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे शंभरांतील सुमारे ६३ जणांना प्रतिसाद मिळाला, जगण्याच्या काळातही ठळक फरक दिसला नाही. आर-डीएचएपीचा त्रास तेवढा अधिक निघाला, आणि हे त्या रुग्णांमुळेच पुढच्यांना कळले.

माझी खरी चिंता निराळीच आहे. आपल्या घरांत वडिलांना रोगाचे नावही कळू न देता मुलगा सही करू पाहतो. प्रेमापोटीच, हे मान्य. पण देह ही अल्लाहने वडिलांकडे सोपवलेली अमानत आहे, मुलाकडे नव्हे. शुद्धीत असलेल्या, समजदार माणसाच्या वतीने दिलेला होकार हा होकारच नाही. ज्या उपचाराचा गुण निश्चित नाही, तो नाकारणे बहुसंख्य फुकहांच्या मते गुनाह नाही. तेव्हा नकार देणाऱ्याला ईमानाची कमतरता चिकटवू नये. होकार दिल्यावरही केव्हाही माघार घेण्याची त्याला मुभा असते.

संमतीपत्र मराठीत किंवा उर्दूत मागून घ्या, वडिलांना वाचून दाखवा, त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. इस्तिखाराही त्यांनाच करू द्या.