नेकेटाका आणि महाड

एखाद्या कलाकृतीचे स्वागत कसे झाले, हे विचारताना आपण बहुधा किती जणांनी वाखाणली आणि किती जणांनी नाकारली एवढ्याच हिशेबावर थांबतो. ती कोठे बसून अनुभवली गेली, अनुभवणाऱ्याच्या गावच्या स्मृतीत त्या वेळी काय जागे होते, ही विचारपूस परीक्षणाच्या दप्तरी सहसा दाखल होत नाही. नाटक-कादंबरीच्या बाबतीत ही उणीव मराठी समीक्षेने काही अंशी भरून काढली आहे. संगणकावरील खेळांच्या बाबतीत, आणि त्यातही ज्यांना आपली मुले 'आरपीजी' म्हणतात त्या दीर्घ, वाचनबहुल, भूमिकाप्रधान खेळांच्या बाबतीत, ती जशीच्या तशी आहे. म्हणून अशाच एका जुन्या धाटणीच्या खेळाच्या वाट्याला जगात जो मान आणि जो अव्हेर आला त्याची हकीकत सांगून, तोच खेळ सावित्री नदीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या बाजूला बसून खेळला तर निवाडा कसा पालटतो, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

या खेळांची परंपरा फार पुरातन नाही, तरी तिला स्वतःचे अभिजात युग आहे. १९९८ मध्ये 'बाल्डर्स गेट' आणि १९९९ मध्ये 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' हे खेळ निघाले. वरून तिरप्या नजरेने दिसणारी चित्रमय नगरे, नायकाबरोबर हिंडणारे चारपाच सोबती, हवी तेव्हा थांबवून प्रत्येकाला हुकूम देता येईल अशी लढाई, आणि तलवारीपेक्षा संभाषणावर अधिक भिस्त, ही त्यांची लक्षणे. पुढील दहाबारा वर्षांत मोठ्या प्रकाशकांनी हा साचा जवळजवळ मोडीत काढला. २०१२ मध्ये ऑब्सिडियन या अमेरिकन संस्थेने भांडवलदाराची पायरी न चढता थेट रसिकांपुढे पदर पसरला, आणि सुमारे ७४ हजार लोकांनी मिळून जवळजवळ ४० लाख डॉलर तिच्या पदरात घातले. त्यातून 'पिलर्स ऑफ इटर्निटी' हा खेळ २६ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. परीक्षकांनी त्याला उचलून धरले. तक्रार होती ती मजकुराच्या भाराविषयी, आणि त्यातही एका गमतीदार गोष्टीविषयी: ज्यांनी अधिक रक्कम दिली होती त्यांना खेळात स्वतःचे एकेक पात्र बसवण्याचा हक्क मिळाला होता, आणि आपल्याकडे देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावे पावलोपावली आडवी येतात तशी ही सोनेरी नावांची पात्रे नगराच्या चौकाचौकांत उभी राहून मूळ कथेशी काडीचा संबंध नसलेली आपापली कैफियत ऐकवीत होती.

जुनी धाटणी म्हटले की तिच्यामागे केवळ गतकाळाची ओढ आहे असे समजण्याची घाई अनेक परीक्षकांनी केली. पोलादपूरच्या माणसाला ती करता येऊ नये. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. हयात असलेल्या, चहूबाजूंनी शत्रूंनी वेढलेल्या, स्वतःच्या हिमतीवर राज्य उभारणाऱ्या शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिण्याचा प्रसंग आला तेव्हा या कवीने त्यासाठी नवा घाट शोधला नाही. काशीतील पंडित प्रश्न विचारतात आणि कवी उत्तरादाखल कथा सांगतो असा पुराणांचा आणि महाभारताचा मुरलेला साचा घेतला, आणि अफजलखानाच्या स्वारीसारखा ताजा, डोळ्यांदेखत घडलेला मामला त्यात ओतला. 'शिवभारत' अपूर्ण राहिले, बत्तिसाव्या अध्यायात मध्येच तुटले, आणि स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये ते छापून प्रसिद्ध करीपर्यंत सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडले नाही. जुना साचा घेणाऱ्याचे कर्तृत्व त्या साच्यात तो काय ओततो यावर पाहावे लागते, आणि त्याचा निवाडा कधीकधी अडीचशे वर्षांनी होतो, या दोन गोष्टींचे उदाहरण आम्हांला घाटाच्या पायथ्याशीच मिळते.

'पिलर्स'चा दुसरा भाग 'डेडफायर' हा ८ मे २०१८ रोजी आला, आणि या लेखाचा खरा विषय तोच. त्याची वर्गणी २०१७ मध्ये जमली ती ४४ लाख डॉलरांहून अधिक होती खरी, परंतु देणारे हात ७४ हजारांवरून सुमारे ३३ हजारांवर आले होते, आणि रकमेचा बराच भाग देणगी नसून परताव्याच्या आशेने गुंतवलेला पैसा होता. ज्याला हिशेब वाचता येतो त्याने त्यातच पुढील भविष्य वाचले असते. परीक्षकांनी गुण दिले ते पहिल्या भागाला दिले जवळजवळ तेवढेच. गिऱ्हाईक मात्र आले नाही. खेळाचे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले की विक्री मंदावण्याचे नेमके कारण त्यांना सांगता येत नाही, आणि ते समजल्याशिवाय तिसऱ्या भागाची आखणी कशी करावी हेही उमगत नाही. कारणे लोकांनी अर्थातच पुष्कळ काढली. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' या २०१७ च्या खेळाने पाळीपाळीने लढण्याची रीत पुन्हा लोकप्रिय केली असताना येथे थांबत-थांबत लढण्याची पद्धत होती, जहाजांच्या लढाया प्रत्यक्ष न दिसता मजकुरातून वाचाव्या लागत, मूळ कथानक, म्हणजे प्रचंड पुतळ्यात शिरून बेटांवरून चालत सुटलेल्या एका देवाचा पाठलाग, आजूबाजूच्या उपकथांच्या मानाने तुटपुंजे होते. कर्त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये पाळीपाळीची लढाई जोडून दिली. त्यानंतर, बाजाराचा गलका विरल्यावर, खेळाडूंत या खेळाची पत हळूहळू वाढत गेली, आणि आज त्याचे चाहते त्याला पहिल्या भागाच्या वर बसवताना आढळतात.

परीक्षक आणि खेळाडू यांच्या निवाड्यांतील ही तफावत पाहिली की आपल्याकडील जुने महजर आठवतात. एकट्या हाकिमाने दिलेला हुकूम वेगळा, आणि गोतसभा बसवून, उभयपक्षांच्या कैफियती ऐकून, साक्षी घेऊन, पाटलाने नांगराची व बलुतेदारांनी आपापल्या हत्याराची निशाणी उठवून सिद्ध केलेला कागद वेगळा. परीक्षकाला खेळ प्रसिद्धीच्या थोडेच दिवस आधी मिळतो. साठसत्तर तासांचा ऐवज त्याला तेवढ्यात उरकून, ठरल्या दिवशी, ठरल्या घटकेला मत द्यायचे असते. खेळाडूंचा महजर सावकाश लिहिला जातो. म्हणून तो अचूकच असतो असे मात्र समजू नये. गोतसभेतही कोणाची निशाणी घ्यायची आणि कोणाला सदरेच्या खाली उभे करायचे हे आधीच ठरलेले असे. आणि 'डेडफायर'वरच्या चर्चेत परीक्षक काय नि खेळाडू काय, दोघांनी ज्याला ओझरता स्पर्श करून पुढचा रस्ता धरला, तो विषय नेमका सदरेखालच्या माणसांचा आहे.

नेकेटाका ही या खेळातील राजधानी. पॉलिनेशियातील लोकसंस्कृतींच्या आधारे कल्पिलेल्या हुआना लोकांचे हे नगर डोंगरावर पायरीपायरीने चढत जाते. माथ्यावर राणीचा वाडा, आणि पार तळाशी, 'गलेट' नावाच्या अंधाऱ्या खबदाडीत, रोपारू लोक राहतात. हुआनांचे तीन जन्मसिद्ध वर्ण आहेत: मातारू हे लढणारे व राज्य करणारे, कुआरू हे कारागीर, आणि रोपारू हे अंगमेहनतीचे. अन्न वाटले जाते ते याच क्रमाने; वरच्यांची ताटे भरल्यावर जे उरेल ते रोपारूंचे, आणि काही उरले नाही तर रोपारू उपाशी. हे सारे विचारले तर सांगणारे सौम्यपणे सांगतात की ही प्राचीन व्यवस्था आहे, वरच्यांवर खालच्यांच्या पालनपोषणाची जबाबदारी आहे, परक्याला तिचे मर्म कळायचे नाही. पाश्चात्त्य परीक्षकांनी या भागाला 'नैतिक गुंतागुंत' असे प्रशस्तिपत्र दिले आणि ते जहाजांच्या लढाईकडे वळले. खेळाडूंनीही त्याची गणना चांगल्या उपकथांत केली. महाडच्या माणसाला ही वाक्ये ऐकून गुंतागुंत वाटत नाही. ही वाक्ये त्याने आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडून, अगदी त्याच सौम्य स्वरात, ऐकलेली असतात.

कारण महाडात याची नोंद तारीखवार आहे. सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याबरहुकूम चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. आणि तीन वर्षे तो कागद कागदच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला जमलेले हजारो लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले, त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा फैसला लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. या घटनेशी एखाद्या करमणुकीची तुलना करणे हा औचित्यभंग होईल, आणि ती येथे अभिप्रेत नाही. म्हणणे एवढेच की ज्या गावाने हे पाहिले आहे त्या गावचा वाचक नियम आणि वहिवाट यांच्यातील अंतर लगेच ओळखतो. आणि भूमिकाप्रधान खेळाचे सर्व मर्म त्या अंतरातच असते. नियमांच्या तक्त्यात अमुक वंश, अमुक बळ, अमुक बुद्धी अशी आकडेवारी कोणताही खेळ मांडतो. तुम्ही तो वंश धारण करून दुकानात शिरलात म्हणजे दुकानदार काय करतो, यावर त्याची परीक्षा.

या कसोटीला 'डेडफायर' अर्धाच उतरतो, आणि माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. त्याच्या लेखकांनी व्यवस्था पाहिली, तिची गोड भाषा पकडली, तिच्यावर टपलेल्या व्यापारी कंपन्यांचा स्वार्थही झाकला नाही. सावित्री जेथे समुद्राला मिळते त्या बाणकोटाला अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्रज कंपनीचे निशाण लागले, आणि तेथून खाडीच्या व्यापारावर तिची नजर राहिली, हे ठाऊक असणाऱ्याला रौआताई आणि व्हेलियन या खेळातल्या कंपन्यांचे कारभारी ओळखीचे वाटतील; सुधारणेची भाषा करणारा परका नेहमी वखारीचीही जागा मागतो, हे खेळाने नेमके टिपले आहे. परंतु रोपारूंच्या अन्नाचा निर्णय अखेर कोणी करायचा? बाहेरून जहाज घेऊन आलेल्या कप्तानाने, म्हणजे खेळाडूने. रोपारू विनवतात, चोरी करतात, कुरकुरतात, मरतात. आपल्या भुकेचा निकाल त्यांनी स्वतः लावल्याचे दृश्य मध्यभागी येत नाही. दयाळू खेळाडू त्यांना अन्न मिळवून देतो आणि स्वतःवर प्रसन्न होतो. महाडच्या तळ्यावर कोणी कोणाला पाणी मिळवून दिले नव्हते. परीक्षणांच्या ढिगात हा आक्षेप कोणी नोंदवला असता तर खेळाची किंमत कमी झाली नसती. उलट त्याच्याशी तोलामोलाने बोलल्यासारखे झाले असते.

आपल्याकडे तो कोणी नोंदवावा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रात खेळ होतच नाहीत असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये काढला, तो हाणामारीच्या धाटणीचा, भूमिकाप्रधान नव्हे, २०१७ मध्ये त्यासाठी मागितलेली लोकवर्गणी पुरी झाली नव्हती, तरी तो चिकाटीने तडीस नेला गेला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या यांचे कौतुक झाले. लढाई कच्ची, शेवट अर्धवट, असे दोष दाखवले गेले. दोष रास्तच होते. पण पुण्यात झालेल्या खेळाचा गुणदोषविचार आपल्याला बहुतांशी परक्या भाषेतून वाचावा लागला, याची खंत मराठी नियतकालिकांना वाटल्याचे दिसले नाही. कीर्तनापासून सिनेमापर्यंत प्रत्येक करमणुकीची आपण साक्षेपाने समीक्षा केली. दिवाळी अंकांनी तर त्यासाठी पाने राखून ठेवली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून घरी आल्यावर जो तरुण रात्री दोन तास इंग्रजी संवाद वाचत नेकेटाकाच्या तळघरात हिंडतो, त्याच्या वाचनाला मात्र आपण वाचन म्हणत नाही. शंभर तासांच्या एका खेळात त्याने दोनचार जाड कादंबऱ्यांइतका मजकूर वाचलेला असतो, आणि त्यावर त्याचे मत असते. ते मत विचारणारा संपादक त्याला भेटलेला नसतो.

मागणाऱ्याने नमुनाही द्यावा. 'डेडफायर' अवश्य खेळावा, पण त्याच्या आधी 'आर्केनम' खेळावा, अशी माझी शिफारस आहे. 'फॉलआउट' हा खेळ घडवणाऱ्यांपैकी तिघांनी स्थापलेल्या ट्रॉइका या संस्थेचा हा २००१ चा खेळ. वाफेची यंत्रे आणि मंत्रविद्या एकाच युगात नांदताहेत अशा जगाचा. लढाई बेंगरूळ आणि चुका फार, असा ठपका परीक्षकांनी तेव्हा ठेवला, आणि तो खोटा नव्हता. संस्था २००५ मध्ये बंद पडली, आणि पुढची डागडुजी खेळाडूंनीच हौसेने केली. पण येथे तुम्हांला अर्ध-ऑर्क, म्हणजे ऑर्क या हीन मानलेल्या वंशाची अर्धी संतती, म्हणून जन्म घेता येतो. मग सभ्य माणसे तोंडावर अपमान करतात, कारखान्यात तुमच्याच जातीचे मजूर बंड करून उठलेले आढळतात, आणि धनिकांच्या एका घोर अपराधाचा माग काढून पुरावा हाती आला तरी दाद लागत नाही, कारण ती लावणारे तेच असतात. परीक्षकांनी ज्याला अपुरे कथानक म्हटले असते ते हेच. खेळ आजही स्वस्तात विकत मिळतो, साध्या संगणकावर चालतो. खेळाडूंनी केलेली दुरुस्ती आधी बसवून घ्यावी, इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवावा, आणि पात्र निवडताना रूपवान मानव न घेता अर्ध-ऑर्क घ्यावा. खेळून झाल्यावर जे वाटेल ते मराठीत लिहून एखाद्या संपादकाकडे पाठवावे.