मोकळं बेट

अचौर्यव्रत आपल्याला सोपं वाटतं. आपण कुठे कोणाच्या घरात शिरतो? पण शास्त्रात त्या दोषाचं नाव ‘अदत्तादान’ आहे. न दिलेलं घेणं. कडी तोडणं, भिंत फोडणं हे त्यात आलंच पाहिजे असं नाही. म्हणून मला वाटतं, या व्रतात खरा विचार करायचा तो देणाऱ्याचा. कोणी दिलं, आणि ते त्याचं होतं का?

शिडाच्या बोटीतून देशोदेशी हिंडणाऱ्या जोडप्यांची वर्णनं मी आवडीने वाचते. मला स्वतःला मालवणहून सिंधुदुर्गावर जाताना होडीतसुद्धा मळमळतं, त्यामुळे असला प्रवास पुस्तकातलाच बरा! या वर्णनांत चागोस बेटांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. मालदीवच्या दक्षिणेला सुमारे 500 किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या मधोमध ही बेटं आहेत. मालदीवच्या गान बंदरातून निघायचं, दोन-तीन दिवस पाण्याशिवाय काही नाही, आणि मग सालोमन नावाचं प्रवाळाचं कडं दिसतं. कड्याच्या आत शिरलं की पाणी तळ्यासारखं शांत. नांगर टाकायचा आणि रबरी होडीतून बॉडम बेटावर उतरायचं. नारळांची गर्दी, झावळ्यांचा खच, पायापाशी मोठमोठे नारळखेकडे. रान तुडवत आत गेलं की छप्पर नसलेलं चर्च, भिंती फोडून वर गेलेली झाडं, थडगी आणि एक विहीर. खाऱ्या पाण्याला कंटाळलेली ही मंडळी त्या विहिरीवर अंघोळी करत, कपडे धूत. बहुतेकांनी लिहिलंय, हा पृथ्वीवरचा स्वर्ग, कारण इथे माणूसच नाही.

माणूस नाही, कारण तो काढला.

तिथे पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या मळ्यांवर राबणारी वस्ती होती. पूर्वज आफ्रिका-मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेले, नंतर काही आपल्या दक्षिण भारतातून गेलेले. 1965 मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली. दिएगो गार्सिया या त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. मॉरिशसला औषधपाण्यासाठी गेलेल्यांना परतीची बोट मिळेना. मग शिधा कमी होत गेला. 1971 मध्ये दिएगो गार्सियावरची कुत्री कोंडून, वाहनांच्या धुराने गुदमरवून मारली. 1973 पर्यंत दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर नेऊन उतरवली. हातात एखादी पेटी, एखादं गाठोडं. कुत्र्यांचं वाचल्यावर मी त्या रात्री जेवले नाही, हे सांगायला संकोच वाटतो. माणसांचं वाचून जेवले होते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रत बळकट करणाऱ्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली पहिली शून्यागार, म्हणजे मुनींनी ओसाड जागी, गुहेत राहावं. दुसरी विमोचितावास, म्हणजे इतरांनी सोडून दिलेल्या घरात राहावं. वरवर पाहता ते बॉडमचं चर्च विमोचितच की! पण विमोचित म्हणजे सोडलेलं, हिसकावलेलं नव्हे. आणि लगेच तिसरी भावना येते परोपरोधाकरण, दुसऱ्याला तिथे येण्याला आडकाठी न करणं. हा क्रम मी पूर्वी नुसता पाठ केला होता. जागा मोकळी आहे एवढ्यावर शास्त्र थांबत नाही. जागा मोकळी कशी झाली आणि तुझ्या असण्याने कोणाचं येणं अडतं, हेही विचारतं.

श्रावकाला पाणी आणि माती न मागता घ्यायची मुभा आहे, कारण ती सर्वांची. पण विहीर म्हणजे नदी नव्हे. ती कोणीतरी खणलेली असते.

बोटवाल्यांची बाजूही आहे. त्यांनी कोणाला हाकललं नाही. रीतसर परवाना काढून, नियम पाळून जातात. खेकडा मारायचा नाही, प्रवाळ तोडायचं नाही, रात्री किनाऱ्यावर राहायचं नाही. ते गेले नाहीत म्हणून बेटकऱ्यांची एक चूलही परत पेटणार नाही. हे म्हणणं मला पोकळ वाटत नाही. वादळात सापडलेल्याने तर नांगर टाकावाच. पण आपल्याकडे कृत आणि कारित यांच्या जोडीला अनुमोदनाही धरतात. ज्याने घर बळकावलं त्याच्याच हातून आत जायची चिठ्ठी घेणं म्हणजे त्याला मालक म्हणणं. माझ्या मते तिथे केवळ मौजेसाठी उतरू नये.

हे बोलणं लांबच्या लोकांबद्दल सोपं जातं. आपल्या हिडकल धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा आपणही डबे घेऊन बघायला जातो, फोटो काढतो. ज्यांचं गाव तिथे बुडालं तेही येतात. त्यांचं येणं आणि आपलं येणं एक नाही. फरक एवढाच की तिथे दोघांनाही वाट मोकळी आहे.

आपण देवळाच्या उंबऱ्याशी ‘निःसही’ म्हणतो. मुनी निर्जन गुहेत शिरतानाही म्हणतात, तिथे जे कोणी असतील त्यांची परवानगी म्हणून. दिसत नाही त्याचीही परवानगी घ्यायची. चागोसची माणसं तर दिसतात, बोलतात, कोर्टात उभी राहतात. 2000 मध्ये लंडनच्या न्यायालयात ती जिंकली, 2004 मध्ये सरकारने हुकूम काढून पुन्हा दार लावलं, 2008 मध्ये वरच्या न्यायालयाने ते लावलेलंच ठेवलं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. 2025 च्या मे महिन्यात बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या, दिएगो गार्सियाचा तळ मात्र 99 वर्षं ब्रिटनकडेच ठेवून.

मध्ये 2006 साली शंभरेक जणांना एका जहाजातून तिकडे नेऊन आणलं होतं. म्हाताऱ्या बायकांनी आईबापांच्या थडग्यांवरचं गवत उपटलं, चर्च झाडलं, फुलं वाहिली. प्रत्येक बेटावर काही तास मिळाले. बोटीच्या परवान्यावर चार आठवडे मिळतात.